संवादाचा पुरावा

३ फेब्रुवारी, सोमवार
प्राचार्य ३० जूनला निवृत्त. राज्यशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून माझा नंबर पहिला, पण काहीतरी ठसठशीत करून दाखवायला हवं. ठरवलं: कॉलेजात 'संवाद कक्ष'. वेगवेगळ्या राजकीय मतांच्या मुलांनी समोरासमोर बसून सभ्यपणे बोलायचं. या शहरात हे अजून कुणाला जमलेलं नाही. मला जमेल. माझा आवाज मुळातच शांत आहे.
अपेक्षा मॅडमना रिपोर्ट लिहायला सांगितला. कार्यक्रम व्हायचाय, पण रिपोर्ट आधी तयार असला की कार्यक्रम भरकटत नाही. शेवट 'यशस्वी' असा करा म्हटलं. त्या सात वर्षं तासिका तत्त्वावर आहेत, बिडकीनहून रोज ये-जा. जूनमध्ये कायम जागेची मुलाखत, पॅनलवर मी. म्हटलं, काळजी करू नका. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडला.

६ फेब्रुवारी
बॅनरचा पेच. शहराचं जुनं नाव लिहिलं तर एक गट चिडणार, नवं लिहिलं तर दुसरा. तोडगा मीच काढला: 'आपलं शहर, आपला संवाद'. कक्षाचा पहिला नियम, शहराचं नाव घ्यायचं नाही. अपेक्षा मॅडमना त्यांचं मत विचारलं. म्हणाल्या, सर, माझं गाव आधी बिडकीन होतं, आताबी बिडकीनच आहे, मला त्याच्यात नका घेऊ. विनोदबुद्धी चांगली. मुलाखतीत आवरायला सांगेन.

१४ फेब्रुवारी
पहिलं सत्र. विषय: दुसऱ्याचं ऐकून घेणं. मी दीड तास बोललो. मुलांना वेळ उरला नाही. कुठेही वाद नाही. सुरुवात उत्तम.

२० फेब्रुवारी
निराशा. मुद्दाम दोन टोकांची मुलं बोलावली होती. विश्वजीत, पाचोडचा, मिरवणुकीत पुढे. जुनैद, सिल्लोडचा, मोर्चात पुढे. समोरासमोर बसवलं तर हसायलाच लागले. चौकशीत कळलं, दोघं एकाच खोलीत राहतात. विषय दिला, शहरापुढचे प्रश्न. जुनैद म्हणाला, आठ दिवसांनी नळ येतो. विश्वजीत म्हणाला, आठ कुठं, दहा. जुनैद म्हणाला, तुला काय माहीत, तू झोपलेला राहतो, ड्रम मी भरतो. हशा. मग सत्र संपेपर्यंत टँकर, टाकी, पाइपलाइन. सगळ्यांचं एकमत. शेवटी मीच थांबवलं. मतभेदच नसतील तर सभ्यपणा दाखवायचा कुठे?

२४ फेब्रुवारी
उपाय सापडला. बिल्ले करून घेतले. विश्वजीत 'पक्ष अ', जुनैद 'पक्ष ब'. मध्ये टेबल. कक्षाच्या वेळेत एका बाजूला बसायला आणि एका डब्यातून खायला बंदी. विश्वजीत म्हणाला, सर, भांडायचं कशावरून तेवढं तरी सांगा. जुनैद त्याला म्हणाला, तू शुरू कर ना बे, मैं देख लेता. थट्टा चालू राहिली म्हणून मी दोघांना एकमेकांच्या नेत्यांची निवडणुकीतली भाषणं मोबाइलवर लावून दाखवली, निवडक भाग. लगेच फरक. विश्वजीतचे कान लाल. जुनैद खुर्ची सरकवून उभा. म्हटलं, आता सभ्यपणे बोला. पण पुढच्या तासाची घंटा झाली.
मतभेद तयार आहेत. आता फक्त सभ्यता आणायची.

४ मार्च
मोठा दिवस. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पाच मिनिटं येऊन गेले. विश्वजीत आणि जुनैदचं हस्तांदोलन घडवलं. एकमेकांकडे बघेनात, पण हात दिले. मी मध्ये उभा, हात माझ्या पोटासमोर. नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलला जिओटॅग फोटो लागतो, म्हणजे खाली जागा, तारीख, वेळ आपोआप छापून येते. अपेक्षा मॅडमनी त्यांच्या जुन्या फोनवर काढला. म्हणाल्या, सर, खाली शहराचं जुनं नाव येतंय, तेवढं कापू का? म्हटलं, मॅडम, कापलेला फोटो पुरावा राहत नाही. मी बरा आलोय. कॉलेजच्या ग्रुपवर स्वतः टाकला.

५ मार्च, सकाळी
ग्रुपवर अभूतपूर्व संवाद. कॉलेजनं जुनं नाव छापलंच कसं, असा सूर. भाषा अजून सभ्य नाही. मी ताबडतोब तोल सावरला. हाच प्रसंग माझ्या नव्या फोनवरही काढून घेतला होता, त्यावर नवं नाव येतं. तोही टाकला. दोन्ही पक्षांचं समाधान व्हायला हरकत नाही.

५ मार्च, दुपारी
दोन्ही पक्ष गेटवर. पोलिसांची गाडी. माझ्या कारची मागची काच फुटली. दगड कोणत्या पक्षाचा ते कळलं नाही. बिल्ले सक्तीचे हवे होते.

७ मार्च
तात्यासाहेबांनी बोलावलं. विचारलं, फोटो काढला कुणी? मी खरं तेच सांगितलं. अपेक्षा मॅडमनी, त्यांच्याच फोनवर. ग्रुपवर टाकला कुणी, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा वक्तृत्वातला दोष आहे.

१० मार्च
अपेक्षा मॅडमचे तास आजपासून बंद. खुलासा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, मी सांगेन तसा. 'निष्काळजीपणा' हा शब्द सौम्य आहे, हे त्यांना पटवून दिलं. जूनच्या मुलाखतीचं विचारत होत्या. म्हटलं, वातावरण निवळू द्या. म्हणाल्या, सात वर्षं तेच बघतेय सर. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. फार समजूतदार. त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं. जूनमध्ये, खुर्चीत बसलो की.

१२ मार्च
विश्वजीत आणि जुनैद केबिनमध्ये आले. एकमेकांशी एक शब्द नाही, दोघंही माझ्याशीच बोलत होते. म्हणणं एकच: मॅडमची काही चूक नाय, तुम्ही वर सांगा. मी कौतुक केलं आणि नियमाची आठवण करून दिली. पक्ष अ नं सोमवारी यावं, पक्ष ब नं मंगळवारी. विश्वजीत म्हणाला, राहू द्या सर. जुनैद तोवर दाराबाहेर.
शिपायाकडून कळलं, त्यांनी खोली सोडली. पाण्याचा ड्रम कुणी न्यायचा यावरून हातघाईवर आले होते. अखेर खरा मतभेद. पुढच्या सत्राला हाच विषय घ्यावा.

२५ जून
कायम जागेची मुलाखत. अपेक्षा मॅडमना बोलावणं नव्हतं. मुद्दा काढणार होतो, तेवढ्यात चहा आला. तात्यासाहेबांच्या भाच्याला मी विचारलं, संवाद म्हणजे काय? उत्तर आलं नाही. निवड झाली. मीही सही केली. खुर्ची पाच दिवसांवर आहे.

३० जून
प्रभारी प्राचार्य: फिजिक्सचे साहेबराव सर. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तात्यासाहेबांना कारण विचारलं. म्हणाले, तुम्ही लई बोलता सर. खुर्चीत गप बसणारा माणूस पाहिजे.
निर्णय तात्पुरता असावा.

२ जुलै, दुपारी
साहेबराव सर केबिनमध्ये आले, पहिल्यांदाच बोलले: रिपोर्ट. तो अपेक्षा मॅडमच्या लॅपटॉपमध्ये. फोन केला. मागे पोरांचा गलका. बिडकीनला शिकवण्या घेतात म्हणे, सहावी-सातवीच्या. म्हटलं, रिपोर्ट पूर्ण करून पाठवा, तुमच्याशिवाय कुणाला जमणार? म्हणाल्या, पूर्णच आहे सर, फेब्रुवारीतच यशस्वी झालेला. फोटो तसाच लावू, का कापून? म्हटलं, कापून. बरं सर, म्हणाल्या.
आवाज जराही चढला नाही. एवढ्या महिन्यांत इतकं सभ्य माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

२ जुलै, संध्याकाळी
रिपोर्ट आला. पहिल्या पानावर फोटो. शहराचं नाव कापलंय. फोटोत दोन हात आहेत, एकमेकांत. बाकी सगळं कापलंय. विचारायला फोन केला, उचलला नाही. मोठा करून पाहिला. हातांच्या मागे शर्टाचं एक बटण दिसतं.
ते माझं आहे.