न पुसलेली मापं

प्रिय टाचणी,

पाकीट बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, फोन असताना हिला हे काय सुचलं? फोनवर मी खोटं फार सफाईने बोलते, म्हणून लिहितेय. इकडे सगळं ठीक. दोन्ही मशिनी चालू आहेत, ह्यांचं घोरणंही चालू आहे, आणि धाकटीने परवा पहिल्यांदा सरळ टीप मारली. तुझी बोटं कशी आहेत? सकाळी कोमट पाण्यात बुडवतेस ना, की मला नुसतंच सांगतेस?

बोटं आखडली आणि तू दुकान बंद केलंस, तेव्हा तुझा कॉम्प्युटर मी विकत घेतला. वायर नीट गुंडाळून देताना तू बजावलंस, आधी सगळं पुसून टाक, मग वापर, दुसऱ्याच्या मापाचा कपडा अंगावर चढवू नये. त्यातल्या तुझ्या कपडे कापायच्या नमुन्यांचं विचारलं तर म्हणालीस, ते कशाला ठेवू, आता कापणार कोण? घरी येऊन मी पुसायलाच बसले होते, आईशपथ. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मला वाटलं, एकदा बघू तर. तिथेच घात झाला. आत एकसष्ट नमुने होते. एकावरही नाव नाही. ‘पाठीला पोक, वाचनालयवाल्या बाई.’ ‘उजवा हात आखूड, घड्याळजी.’ वीस वर्षं आपली दुकानं भिंतीला भिंत लावून होती आणि मी आपली सरळ अंगाच्या माणसांचे कपडे शिवत बसले. कौतुक नंतर वाटलं गं. आधी हेवा वाटला.

मग त्यातल्या एकावरून ब्लाउज शिवून पाहिला. वाचनालयवाल्या बाईंनी तो अंगात घातला, आरशात बघितलं आणि हात मागे नेऊन स्वतःचं पोक चाचपून पाहिलं, आहे ना जागेवर म्हणून. त्यानंतर एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. लोक म्हणाले, हात सोन्याचा आहे तुमचा. मी म्हणायची, छे हो, कसलं काय. नम्रपणासुद्धा तुझ्याच जिवावर मिरवला. शेवटी शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेने या नमुन्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं, माझ्या नावाने. मी हो म्हणाले. जनाची नाही तर नाही, मनाची तरी वाटायला हवी होती.

हेही मी पचवलं असतं, इतकी कोडगी झाले होते. पण गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. नव्या औषधाने बोटं सुटतायत, पुन्हा कात्री धरलीय, असं तू किती आनंदाने सांगत होतीस. मग चाचरत विचारलंस, त्या नमुन्यांतलं काही उरलंय का गं? मी म्हणाले, नाही, तूच तर पुसायला सांगितलंस. वर तुझ्यावरच ढकललं. मग तू पोस्टमनच्या कोटाचं विचारलंस, त्याचा डावा खांदा सव्वा इंच उतरता होता ना? आदल्याच दिवशी मी तोच कोट कापला होता. हो म्हटलं असतं तर तुला कसं ठाऊक, असं तू विचारलं असतंस, म्हणून मी म्हणाले, इतका कुठला, अर्धा असेल. मग हसून म्हणालीस, म्हणजे विसरले मी सगळं, आता कात्री धरण्यात अर्थ नाही. त्या हसण्यानंतर माझ्याकडून एक कापड कापलं गेलेलं नाही. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये तुझे एकसष्टच्या एकसष्ट नमुने आहेत. संस्थेला खरं काय ते सांगून आले. पुस्तिका निघाली तर तुझ्या नावाने निघेल, नाहीतर नाही. मला माफ करू नकोस, बोलणंही टाक हवं तर. पण कात्री खाली ठेवू नकोस. तू काहीही विसरलेली नाहीस. सव्वा इंचच होता.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरीही तुझीच,
गुंडी