लेनच्या पेटीतली वाळू

मी, वॉल्टर पेटमन, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार मार्लहर्स्ट, परगणा केंट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला स्वतःला ऑगस्टपासून तशी खात्री देववत नाही.

कलम १. घर व नासपतीची बाग पुतणी हिल्डा हिला द्यावी. म्हाताऱ्या झाडांची फार छाटणी करू नये. तोंडी सांगितलेले ती ऐकत नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम २. शिड्या, कात्र्या आणि सायडरची पिंपे मेहुणा सायलस कूम्बर याला. त्याच्याशी मी चौतीस वर्षे बोललो नाही, तेव्हा कारण सांगणे भाग आहे. सप्टेंबर १९४० मध्ये आमचा एकुलता एक मुलगा लेन, लढाऊ विमानाचा वैमानिक, वय बावीस, जर्मन विमानांशी लढताना पडला. हवाई तळावरून शवपेटी आली ती स्क्रू आवळून बंद. सोबतचा अधिकारी म्हणाला, "उघडू नका. हसत गेला होता, तसाच आठवा." माझी बायको मेबल गयावया करत होती, "वॉल्टर, एकदा हात तरी बघू दे रे त्याचा!" मी नाही म्हटले. पेटी खांद्यावर घेतली तेव्हा मागून सायलस कुजबुजला, "दाजी, आत काहीतरी घरंगळतंय. वाळू असल्यासारखं." दफन उरकल्यावर चर्चच्या फाटकातच मी त्याच्या थोबाडीत दिली.

यंदा ऑगस्टात, चार मैलांवरच्या पाणथळ शेतात, जुनी विमाने खणून काढणाऱ्या पोरांना वीस फूट चिखलात लेन सापडला. खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला. मनगटावर मी दिलेले घड्याळ, मागे त्याचे नाव. मी तडक सायलसकडे गेलो. म्हटले, "तुझंच खरं होतं."

तो म्हणाला, "चुलीत घाला ते खरं. तेव्हा गप्प बसलो असतो तर चौतीस नाताळ एका टेबलावर जेवलो असतो."

कलम ३. वकीलबाई म्हणतात, "पेटमनसाहेब, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बसवा." चर्चच्या आवारात आधी ती पेटी आहे, तिच्या शेजारी मेबल. पोराशेजारी झोपायचे म्हणून तिने हट्टाने घेतलेली जागा. बिचारी तेरा वर्षे कुणाशेजारी झोपली आहे, देव जाणे! मेबलच्या दुसऱ्या बाजूला माझी राखीव जागा.

पेटी काढून टाका, असे हिल्डा म्हणते. पण आत नुसती वाळू आहे, की मूठभर लेनही आहे? की दुसऱ्याच कुणाचे पोर? तळावरचे आता कुणी सांगत नाही, आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. सकाळी वाटते खणावी, दुपारी वाटते नको.

तरी एवढे ठरले आहे. माझी राखीव जागा लेनला द्यावी. आईला पोर मिळू दे. पेटी हलवू नये. मला तिच्या पलीकडे, कुंपणालगत पुरावे. मेबलपासून लांब पडेन, ठाऊक आहे. पण दर रविवारी तिथेच टोपी काढून मी लेनशी बोललो, बागेतले सगळे सांगितले. आत जे काही आहे, त्याने ते ऐकून घेतले आहे. आता ते एकटे पडू नये.

वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

वॉल्टर पेटमन
साक्षीदार : पर्सी वेन्डल, पोस्टमन, एनिड स्टोकर, शिक्षिका
मार्लहर्स्ट, १४ ऑक्टोबर १९७४