सासरेबुवांची गाडी विजेची की पेट्रोलची

आदरणीय साडूभाऊंना नमस्कार,

तुमची कंबर आता सरळ झाली असेल, आणि ताईंची खोकल्यातून सुटका झाली असेल, असं धरून चालतो. आमचं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात कुठली गाडी विजेची आणि कुठली पेट्रोलची हे ठरवून काचेवर पट्टी लावायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विजेला हिरवी, पेट्रोलला पांढरी. सोपं काम होतं (होतं!). मग आपल्या सासरेबुवांनी दोन्हीवर चालणारी गाडी घेतली. घरी प्लग लावून बॅटरी भरा, ती संपली की पेट्रोल आहेच. दवाखान्याच्या गल्लीत हल्ली फक्त हिरव्या पट्टीवाल्यांना सोडतात, आणि सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी तिथेच जावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी उतरून त्या भिंत धरधरून चालतात. तेव्हा पट्टीचा प्रश्न थट्टेचा नव्हता.

अशा दुहेरी गाड्यांसाठी आमचा नियम असा, की ऑफिसपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ गाडी इंजिन सुरू न होता चढली, तरच ती विजेची. सासरेबुवा चालवायला, मी शेजारी, सासूबाई मागे. अर्ध्या चढावर गाडी घुरघुरली.

"इंजिन सुरू झालं," मी म्हणालो.

"पंखा आहे तो," सासरेबुवा म्हणाले.

पंख्याचा धूर मागून निघतो का (हे मनातच, जावई झालो तरी जीव प्यारा आहे). तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घेतल्यापासून चार्ज कुठे केलीय? वायर अजून पिशवीतच आहे."

मी पांढरी पट्टी लावली. सासरेबुवांनी अबोला धरला, आणि हिनं (म्हणजे तुमच्या मेहुणीनं) माझ्यापुढे ताट आदळलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "बरं केलंत. आता तरी वायर काढतील."

काढली. पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, वायर पोहोचेना. मग गाडी आमच्या दारात आली आणि वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. दुसऱ्या परीक्षेला त्यांनी एसी बंद ठेवला आणि घाम टिपत चढ चढले. गाडीनं हूं की चूं केलं नाही. मी हिरवी पट्टी लावली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. सासूबाई थेट दवाखान्याच्या पायरीशी उतरल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आपला,
धाकटा साडू

ता. क. – रोज चार्ज केली नाही तर पट्टी काढून घेतात (हे मीच त्यांना सांगून बसलो), म्हणून दोघंही तेव्हापासून आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. फोनवर बोलावं, तर सासरेबुवा समोरच बसलेले. म्हणून हे पत्र. तुमचं घर तळमजल्यावर, खिडकीलगत प्लग, आणि दवाखानाही तुमच्याच बाजूला. विचार व्हावा.

आणखी एक ता. क. – विचाराची घाई नको. तुमचा होकार मी त्यांना कळवून टाकलाय. ते बॅगा भरताहेत.