एकाच नळाचे दोन फोटो

शनिवार, संध्याकाळ

भर सभेत मी उठून बोलले. मी!

औरंगपुऱ्यातल्या सभेत आमच्या वॉर्डातले दोन उमेदवार समोरासमोर बसले होते. पहिल्यानं पडद्यावर फोटो दाखवला, नळाला धो धो पाणी. टाळ्या. दुसऱ्यानं त्याचा फोटो लावला, नळ कोरडा ठणठणीत. पुन्हा टाळ्या, त्याच लोकांच्या! शेजारच्या नजमाभाभीनं मला कोपर मारलं. "अगं, फडकं बघ!" दोन्ही फोटोंत नळाला पाणी गाळायचं पिवळं फडकं. बदकं छापलेलं, माझ्या छकुलीच्या जुन्या फ्रॉकचं. म्हणजे दोन्हीकडं नळ माझाच!

खोटा फोटो कुणाचाच नव्हता. एक पाण्याच्या दिवशी येऊन गेला, दुसरा त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेच लई झोंबलं मला. उठले अन् म्हणाले, "ते फडकं माझं, नळ माझा. आठवड्यातून एकदा पाणी येतं. बाकीचे दिवस पाणी येत नाय. दोघंबी पूर्ण सांगा की!" काय हशा पिकला! अन् त्या दोघांचे चेहरे!

आत्ताच भाभी मोबाईल घेऊन धावत आली. दोघांनीही माझा व्हिडिओ फिरवलाय. पहिल्याच्या व्हिडिओत मी म्हणते, "पाणी येतं." दुसऱ्याच्यात, "पाणी येत नाय." मागंपुढं काहीच नाही. दोन्हीत आवाज माझाच, पदर खोचलेली मीच.

उद्या सभा आमच्याच गल्लीत आहे. जाणारच! आधी एवढंच विचारणार, माझं बाकीचं बोलणं कुठं ठेवलंत?