दोन खांब आणि एक पडदा

४ मे, सोमवार
उजवा खांदा काही वर जात नाही! शनिवारी न्हाणीघरात पाय घसरला. बादलीला टेकून बराच वेळ खालीच बसलो. दुखत होतंच, पण डोक्यात एकच – आता कळणार कोणाला? फोन स्वयंपाकघरात. ओरडून उपयोग नाही. शेवटी भिंत धरत उठलो.

मुलाला सांगायचं नाही. त्याला हेच निमित्त हवंय. "बाबा, एकटे राहू नका, इकडे या." पडलो म्हटलं की माझी बॅग भरलीच! त्याचं घर चांगलं आहे, सूनही चांगली. पण तिथे मी पाहुणा. इथे मी इथला.

पण अंगणातल्या कापडी छताचं काय करायचं? आज डाव्या हाताने हँडल फिरवलं, अर्ध्यात अडकलं. घामाघूम झालो.

५ मे
मागच्या अंगणातलं हे गुंडाळणारं कापडी छत हिची हौस. मी तेव्हा 'नसता खर्च' म्हणालो होतो. सकाळी चहाच्या आधी ही हँडल फिरवून ते बाहेर काढायची, दिवे लागले की आत. पाऊस असो, ऊन नसो, चुकायची नाही. मी म्हणायचो, ऊन नाही तर कशाला? ती म्हणायची, "तुम्ही आपला पेपर वाचा." ही गेल्यावर दोन वर्षं मी तेच करतोय. का ते माहीत नाही. ते उघडलं की दिवस सुरू झाल्यासारखं वाटतं.

उघडं ठेवून चालत नाही. वारा शिरला की पुढचा पाइप धाडधाड उडतो, भिंतीतले बोल्ट सैल होतात. पण पुढच्या पाइपाखाली दोन खांब दिले तर? कायमचं बाहेर. हँडल नको, खांदा नको. सगळा जन्म ड्रॉइंग ऑफिसात काढला, एवढं जमेलच. नकाशा काढला. पुष्कळ दिवसांनी पेन्सिलीला टोक केलं.

आजही दुर्बीणबाई खिडकीत! मागच्या गल्लीपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. मी छत उघडायला आलो की तिचा पडदा सरकलाच. कप घेऊन टक लावून उभी. संध्याकाळीही तेच. एका हाताने माझी झटापट चाललीय आणि बाईला फुकटचा तमाशा! खांब लागू देत. मग बघत बस म्हणावं नुसतं कापड.

८ मे
हार्डवेअरवाला हसला. "काका, याला लोखंडी हात असतातच की घडी होणारे. पाय कशाला लावताय?" म्हटलं, हात थकले. मग त्याने पाइप काढून दाखवले. खाली फरशीत बसवायच्या पट्ट्या, वर पकड आणि खीळ. उंची कमीजास्त करायला पाइपात भोकं. "फक्त आत घ्यायच्या आधी खांब काढा हं, नाहीतर हात मोडतील." म्हटलं, आत घ्यायचंच नाहीये.

१० मे, रविवार
मुलाचा फोन. खांबांचं सांगितलं, खांद्याचं नाही. "माणूस बोलवा, स्वतः चढू नका." "बोलावतो." (कसला बोलावतोय!) "बाकी?" "बाकी ठीक." "बरं, ठेवतो मग." चहा निवायच्या आत फोन संपला.

त्याचं चुकत नाही. माझ्याकडेच सांगण्यासारखं काही नसतं. घर इतकं गप्प आहे की फ्रिज सुरू झाला तरी दचकतो. खोटं कशाला लिहू – एकटं वाटतं. फार वाटतं.

१३ मे
लागले खांब! डाव्या हाताने ड्रिल धरलं, एक भोक वाकडं गेलं, एक शिवी तोंडातून गेली. पण पाइप कसा – पातळी बघायच्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मधोमध. धरून हलवला. ढिम्म!

खुर्ची टाकून खाली बसलो. समोर हिची खुर्ची. "वा!" म्हणायला कोणी नाही, म्हणून स्वतःच म्हणालो.

दिवे लागले तसा सवयीने उठून हँडलपाशी गेलो. काही करायचं नव्हतं. तसाच उभा राहिलो आणि आत आलो.

१४ मे
पावसाची सर आली आणि माझी हुशारी उघडी पडली. सगळं सरळ रेषेत, पाणी जाणार कुठे? छताला हे एवढं पोट सुटलं! केरसुणीच्या दांड्याने खालून ढोसलं तर सगळं पाणी माझ्याच डोक्यावर. ही असती तर खुर्चीतून उठली नसती हसून हसून. "तुमचं सगळं पट्टी धरून! पाण्याला उतार लागतो हो." मीही मोठ्याने हसलो. मग थांबलो. एकट्याचं हसू फार वेळ टिकत नाही.

उजवा खांब दोन भोकं खाली घेतला. आता पाणी कडेने जातं.

१५ मे
छत तसंच. मीही तसाच. दिवसभरात कोणाशी एक शब्द नाही.

१६ मे
सकाळी दार धडाधडा वाजलं. उघडतो तर दुर्बीणबाई! पायात दोन वेगवेगळ्या चपला, धापा टाकतेय. मला बघितलं आणि चौकटीला टेकली.

"भाऊजी! आहात होय!"

"मी कुठे जाणार?"

"मग छत का आत गेलं नाही? तीन दिवस! पहिल्या दिवशी म्हटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बिघडलं असेल. काल जिना उतरायला निघाले तर गुडघ्यांनी दगा दिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही!"

तिला आत घेतलं. पाणी दिलं. मला काही कळेना. तिलाच नवल वाटलं.

"म्हणजे? ताईंनी सांगितलं नाही तुम्हाला? आमचं ठरलेलं होतं. सकाळी त्यांनी छत उघडायचं, मी पडदा. संध्याकाळी दोन्ही बंद. म्हणजे दोघी धड आहोत. चुकलं तर जाऊन बघायचं. त्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत छत पुन्हा उघडलं. मला भरून आलं हो. म्हटलं, जाता जाता सांगून गेल्या वाटतं."

काही नव्हती सांगून गेली. पेपर वाचा म्हणाली होती फक्त. आणि मी विचारलंही नव्हतं.

"तेवढ्या भरवशावर तर मी एकटी राहतेय," ती म्हणाली. "तुम्ही माझा पडदा बघता ना रोज?"

"हो," म्हणालो. धडधडीत खोटं. दोन वर्षं ती मला 'ठीक आहे' सांगत होती आणि मी तिला दुर्बीण म्हणत होतो!

अंगणात नेऊन खांब दाखवले. "हे काय खूळ!" म्हणाली. मग खांद्याचं सांगितलं. न्हाणीघरातलंही सांगितलं, सगळं. बादलीसकट.

"मुलाला कळवलंत?"

"तुम्ही कळवलं असतंत?"

"छे!" म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. बरंच टिकलं.

१७ मे, रविवार
कालच तिन्हीसांजेला खिळी उपसून खांब काढले आणि छत आत घेतलं. आज डाव्या हाताने, थांबत थांबत, पुन्हा उघडलं. समोर पडदा सरकला. मी हात केला. तिने कप उंचावला. खांब आता फक्त वारा असला तरच.

मुलाला पडल्याचं सांगितलं. "बाबा!!" म्हटलं, ओरडू नकोस, आधी ऐक. इथे माझ्यावर लक्ष ठेवणारं माणूस आहे. आणि मलाही इथे काम आहे, रोजचं, दोन वेळचं. तो बराच वेळ बोलत राहिला. चहा निवला.

२० मे
छत. पडदा. ठीक.

२३ मे
छत उघडलं. पडदा बंद. चहा केला, प्यालो, पुन्हा पाहिलं. बंदच. डोळा लागला असेल. असू दे! झोपमोड केली म्हणून ओरडली तर ओरडू दे. चपला घालून निघालोय.