फ्लॉसीचा आवाज

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
१८ नोव्हेंबर २००१

तीर्थस्वरूप सरोजिनीताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात तोंड जमिनीकडे असतं, सध्या मला ते सोयीचं पडतं.) भावोजींचा गुडघा आता कसा आहे? नाशकात थंडी पडली असेल, तेव्हा त्यांना पहाटे फिरायला पिटाळणं थांबव. दिशाच्या सहामाहीचे मार्क कळव. गणितात कमी असले तरी कळव, तिच्या मामाला आता कुणाला बोलायचा अधिकार उरलेला नाही. आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून ती पडवीपर्यंत येते आणि तिथून नानांना केळींना पाणी कसं घालावं ते शिकवते. म्हणजे तब्येत उत्तम.

नानांनी तुला फोनवर त्यांची बाजू सांगितलीच असेल. त्यानंतर तुझं मला पत्र नाही, त्या अर्थी ती पूर्ण सांगितली असावी. आज मी माझी बाजू लिहायला बसलो, तर लक्षात आलं की मला बाजूच नाही. म्हणून घडलं तसं लिहितो.

फ्लॉसी तुला आठवते ना? तुझ्या लग्नात वाइन घातलेला केक घेऊन आली होती आणि नानांनी नकळत तीन तुकडे खाल्ले होते, तीच. आमच्या सातिवलीच्या कंपनीत (आम्ही पंपांचे सुटे भाग बनवतो, हे तू दरवेळी विसरतेस) ती एकवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून तिला माणूस कळायचा. राजकोटचं गिऱ्हाईक तापलेलं असेल तर आधी त्याच्या नातवाची चौकशी व्हायची, मग आमच्या रखडलेल्या मालाची. तोवर गिऱ्हाईक निवलेलं असायचं. आणि कुणाच्या घरून फोन आला तर तो माणूस मीटिंगमध्ये असो की शेडमध्ये, फ्लॉसी चपला वाजवत त्याच्यासमोर येऊन उभी.

मार्चमध्ये शेठनी मला 'सिस्टिम्स मॅनेजर' केलं. (आधी मी स्टोअरकीपर होतो. खुर्ची तीच, फक्त तिला चाकं लागली.) पदाला साजेसं काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून मी शेठच्या डोक्यात भरवलं की फोन आपोआप उचलणारं मशीन आणू या. ते नमस्कार करतं, इंग्रजीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा सांगतं, आणि मग हव्या त्या माणसाचा नंबर दाबायचा. मशीनवाल्याने विचारलं, आवाज कुणाचा घालायचा? मी लगेच म्हटलं, फ्लॉसीचा.

आता ताई, इथून पुढे हळू वाच, कारण मीही हळू लिहितोय. आवाज कशासाठी हवा, ते मी तिला सांगितलं नाही. तसं खोटं बोललो नाही; 'तुझा आवाज कंपनीचा चेहरा होणार' एवढंच म्हणालो. (आवाज चेहरा कसा होईल, हे तिनेही विचारलं नाही. विश्वास होता.) चर्चला घालते तो निळा ड्रेस घालून, आल्याचा काढा घरूनच पिऊन ती आली. एकेक वाक्य तिने पाच-पाच वेळा म्हटलं, मनासारखं होईपर्यंत. जूनमध्ये एका सोमवारी ती कामावर आली, तर तिच्या टेबलावरचा टेलिफोनचा बोर्ड गायब आणि कोपऱ्यातल्या डब्यातून तिचाच आवाज सगळ्यांना नमस्कार करतोय. शेठनी तिला पाकीट दिलं आणि हात जोडले. मी त्या वेळी स्टोअरमध्ये रॅकच्या मागे उभा होतो. तिथे मला काहीही काम नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी शेठनी आजूबाजूच्या कारखानदारांना चहा-सामोशाला बोलावून कंपनीतच माझं भाषण ठेवलं. विषय : माहिती तंत्रज्ञान, प्रगती आणि मानवी मूल्ये. प्रगती दाखवायला मशीन होतंच. मूल्यांसाठी मी तुझ्या भावजयीच्या, उन्नतीच्या शाळेतून सुविचारांची वही आणली. अकराच्या सुमारास मी 'यंत्राने माणसाला माणसाच्या जवळ आणलं आहे' हे वाक्य दोन्ही हात पसरून म्हणत होतो, आणि त्याच सुमारास उमेळ्याच्या घरी आई विहिरीपाशी शेवाळावरून घसरून पडली होती.

नानांनी फोन लावला. आपला तोच काळा, बोटाने फिरवायचा. मशीनला बटणाचा आवाज लागतो, फिरवलेला नंबर त्याला ऐकूच येत नाही. नाना माझा नंबर फिरवत राहिले आणि फ्लॉसी गोड आवाजात सांगत राहिली की आपण कोणताही नंबर दाबलेला नाही. नाना म्हणाले, "अगं फ्लॉसी, मी आत्माराम. गुरूची आई पडलीय, बोलव त्याला!" ती म्हणाली, धन्यवाद. आणि फोन कट. (कुणी काहीच दाबलं नाही तर काय करायचं, असं मशीनवाल्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, कट करा, उगाच लाइन अडते.) असं चार वेळा झालं.

मग नानांनी आईजवळ शेजारच्या बेलाकाकीला बसवलं आणि सायकलवर टांग मारून फ्लॉसीच्या घरी गेले. तिच्या नवऱ्याची, फर्डिनंडची, रिक्षा आणायची आणि जाता जाता त्याला त्याच्या बायकोचे गुण सांगायचे, असा बेत होता. दार फ्लॉसीनेच उघडलं, हातात सुकट पाखडायचं सूप. नाना दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "आत्ता तर तू कंपनीत होतीस!" ती म्हणाली, "नाना, मी पाच महिने घरीच आहे. तो माझा आवाज आहे, मी नाही."

पुढचं सगळं तिने केलं. आईला रिक्षात मांडीवर घेऊन हॉस्पिटलात नेलं, फॉर्म भरले, आणि आमच्या कंपनीशेजारच्या गाळ्याचा पाठ असलेला नंबर लावून तिथल्या वॉचमनला माझ्याकडे धाडलं. तो सभेत घुसला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

मी पोचलो तर फ्लॉसी बाकड्यावर बसलेली, आईच्या बांगड्या रुमालात बांधून मांडीवर. रुमाल माझ्या हातात देत ती म्हणाली, "मला काढलंत, ते मी गिळलं. पण तुझा बाप मदत मागत होता आणि मी त्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवला. चार वेळा. गुरू, माझा आवाज काढ तिथून." तासभर मूल्यांवर बोलून आलेला मी, माझ्या तोंडून निघालं, "हो, बघतो." स्टोअरमध्ये कुणी खिळे मागितले की मी हेच म्हणायचो.

सोमवारी मी शेठना सगळं सांगितलं. माझाच हट्ट होता, हेही. शेठनी मशीनचं बिल काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, बोलव तिला, सकाळी ती बसेल, दुपारी मशीन. निरोप मी फर्डिनंडकरवी पाठवला. (स्वतः गेलो नाही. वाच आणि सोडून दे.) उत्तर आलं, मशीनची स्टेपनी म्हणून मी बसणार नाही. बरोबरच आहे तिचं. नाना माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण मध्येच थांबून विचारते, "ऐकतोयस ना? की काही दाबू?"

भावोजींना नमस्कार, दिशाला आशीर्वाद.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. : एक छोटंसं काम होतं. फ्लॉसीचा आवाज काढायचा तर दुसरा कुणाचा तरी घालावा लागेल. तू आकाशवाणीवर महिलांच्या कार्यक्रमात दोनदा बोलली होतीस. आईला बघायला येशील तेव्हा अर्धा तास काढून सातिवलीला येशील का? वाक्यं तयार आहेत.

ता. क. २ : उन्नतीने वरचं सगळं वाचलं. म्हणाली, एक बाई मशीनमध्ये घालून झाली, आता सख्खी बहीण घाला. तेव्हा ते काम रद्द. मीच बोलेन, लोकांनी खुशाल शिव्या द्याव्यात. पुढे तिने विचारलं, ताईंचं तू काही वाकडं केलं नाहीस तर त्यांना चार पानं माफी, आणि जिचं केलंस तिला अजून एक ओळ नाही? आता ती चपला घालून दारात उभी आहे. पत्र वाटेत पेटीत टाकायचं आणि थेट फ्लॉसीकडे जायचं, असं ठरलंय. मी विचारलं, तिथे जाऊन काय बोलू? उन्नती म्हणाली, ते फ्लॉसी बोलायची थांबली की बघू.