गढूळ पाण्याचा हातपंप

प्रिय मियाभाई,

वहिनीने कळवलं की तू पाइप आणि हत्यारं विकून टाकलीस, आता कुणाच्याच दारात हातपंप बसवणार नाहीस. तू माझ्या अंगणात बसवून दिलेल्या पंपानेच शेफालीचे अब्बा गेले, असं तू धरून बसला आहेस. म्हणून लिहिते आहे.

तुझ्या पंपाचं पाणी घटकाभरात गंजासारखं लाल व्हायचं. सासूबाई ते रात्रभर कळशीत ठेवत, वरचं निवळून घेत आणि तळचा लाल गाळ फेकून देत. मला त्या पाण्याची लाज वाटे. भात पिवळा पडे, चहा काळा होई. नणंदेने तर पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "भाबी, हा चहा आहे की दौतीतली शाई?" सासूबाई गेल्या आणि मी पलीकडच्या मोल्लांच्या पंपावरून पाणी आणू लागले. अगदी नितळ. बारा वर्षं मी शेफालीच्या अब्बांना तेच पाजलं. पेला उजेडात धरून ते म्हणायचे, "पाणी प्यावं तर हलिमाच्या हातचं."

मग त्यांचे तळहात खरखरीत झाले, पायाची जखम भरेना. पाण्याची तपासणीवाली बाई आली तेव्हा दोन्ही पंपांना धोक्याचा लाल रंग लागला. आर्सेनिक दोन्हींत होतं, मोल्लांच्या पाण्यात जास्त. तिने दिलेली पुस्तिका मी अक्षरं लावत वाचली. पाण्यात विरघळलेलं लोखंड हवा लागली की गाळ होऊन खाली बसतं, आणि बसताना बरंचसं विष सोबत नेतं. मोल्लांच्या पाण्यात लोखंडच नव्हतं. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आपलं पाणी निवळत होत्या. आता मी बादलीत तुरटी आणि त्या बाईने दिलेली पाणी शुद्ध करायची जांभळी पूड ढवळते, गाळ बसू देते, मगच वरचं पाणी फडक्यातून गाळून शेफालीला देते.

मियाभाई, पुस्तिका मी शेफालीचे अब्बा हयात असतानाच वाचली होती. मातीच्या दिवशी दीर सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "पंप नाही बसवलास, माझ्या भावाची कबर खणलीस." तू मान खाली घातलीस. मी दाराआड उभी होते. बोलले असते तर सगळे माझ्याकडे वळले असते, म्हणून बोलले नाही. चार वर्षं माझा दोष तू वाहिलास. काल दिरांना बसवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तूच कळव त्याला. मला तोंड नाही." माझ्यावर रागाव, येऊ नकोस, काही म्हणणार नाही. पण हे पत्र वहिनीला आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच, गप्प राहिलेली,
हलिमा